थूल सर सोमवारी नोकरी सोडतात

मनासारखी नोकरी असणाऱ्यांकडे किस्से नसतात, असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे ढिगाने आहेत. वर्धा जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजात मी फिजिऑलॉजी शिकवते. शेजारच्या अ‍ॅनाटॉमीत थूल सर मुलांना मृतदेहांवर शरीररचना शिकवतात. दोन विभागांत मिळून चहाची एकच किटली, त्यामुळे त्यांचं रडगाणं आधी माझ्याच कानावर पडतं. सर दर सोमवारी नोकरी सोडतात आणि मंगळवारी निमूट लेक्चर घेतात.

*

आमची हजेरी मोबाइलवर लागते. चेहरा दाखवायचा आणि सूचना आली की हसायचं. त्याशिवाय समोर जिवंत माणूस आहे हे अ‍ॅपला पटत नाही.

एका सोमवारी सरांना काही केल्या हसू येईना. गैरहजेरी लागायची वेळ आली. शेवटी मला म्हणाले, "मॅडम, काहीतरी बोला ना."

मी म्हटलं, "सर, यंदा तुमचं प्रमोशन होणार."

हजेरी लागली!

*

कॉलेजची तपासणी करायला समिती आली, की सुट्टीवरच्या माणसालाही असेल तिथून उचलून आणतात. सर तेव्हा हिंगणघाटला मेहुण्याच्या लग्नात होते. शेरवानीवर पांढरा अ‍ॅप्रन चढवून हजर झाले.

समितीतल्या बाईंनी अनुभव वगैरे विचारला आणि मग फार प्रेमाने म्हणाल्या, काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा. मागून डीन डोळे वटारून बघत होते.

सर म्हणाले, "मॅडम, तिकडं वरात निघून राह्यली."

लग्नाच्या अल्बममध्ये सर कुठेच नाहीत. सरांच्या बायकोने अजून माफ केलेलं नाही.

*

मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की शिक्षकांना फार ताण आहे. ताबडतोब तणावमुक्तीची कार्यशाळा ठेवली. रविवारी!

प्रशिक्षकाने डोळे मिटून शांत जागा आठवायला सांगितली. पाचेक मिनिटांत सर चक्क घोरायला लागले. प्रशिक्षक हरखला, यांना किती लवकर जमलं म्हणून सगळ्यांना दाखवू लागला. जागं करून त्याने विचारलं, कुठे होतात? सर म्हणाले, घरी.

त्या दिवशी ताणामुळे येऊ न शकलेल्या दोघांना सोमवारी मेमो मिळाला.

*

इथवर हसण्यासारखं होतं. सरांना खरं लागलं ते अल्लीपूरला, त्यांच्या गावात. सर गावातले पहिले डॉक्टर, पण पेशंट नसलेले. तिथे त्यांना मेलेल्यांचा डॉक्टर म्हणतात.

एकदा आत्याने हात पुढे केला, चक्कर येते म्हणाली. सरांनी नाडीवर बोटं ठेवली आणि सवयीने सांगून टाकलं, की ही रेडियल आर्टरी आणि ती अगदी जागेवर आहे.

आत्या म्हणाली, "जागेवर हाय ते मले मालूम हाय, बापू. गोळी कोणती घेऊ ते सांग."

सगळं अंगण हसलं. सरांचे वडील मात्र मान खाली घालून उठून गेले. ते सांगताना सरांनी चहा तसाच ठेवला, आणि मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात हिंगणघाटच्या एका मित्राने आपल्या दवाखान्यात बसायला बोलावलं. खरेखुरे, बोलणारे पेशंट. या वेळी सरांनी राजीनामा टाइप करून आणला, सही केली, घडी घालून शर्टच्या खिशात ठेवला. तेही गुरुवारी, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. डीन मीटिंगमधून बाहेर यायचेच बाकी होते.

*

तेवढ्यात केळझरचे एक म्हातारे बाबा आले. त्यांनी देहदानाचं ठरवलं होतं. मुलांची हरकत नव्हती, पण आपण कुठे जाणार ते त्यांना आधी डोळ्यांनी बघायचं होतं. सर म्हणाले, चला. मीही गेले.

आत प्रॅक्टिकल सुरू होतं. एक विद्यार्थी कंटाळून टेबलावर कोपर टेकवून उभा होता, ते नेमकं झाकलेल्या देहाच्या हातावर टेकलं होतं. सर तिथूनच म्हणाले, "कोपर काढ. ते काही बोलत नाहीत म्हणून काय झालं?" पोराने कोपर काढलं आणि चादर नीट केली.

बाबा बराच वेळ बघत राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी सरांचा हात धरला.

"डॉक्टरसाहेब, मी इथं येईन तवा तुम्हीच असान ना जी? अनोळखी माणसाच्या हाती पडाचं म्हणजे जीव घाबरते."

समोर डीनच्या खोलीचं दार उघडलं. शिपायाने सरांना आत बोलावलं.

सर जागचे हलले नाहीत. बाबांचा हात तसाच हातात होता.

"आरामात या, बाबा," ते म्हणाले. "काई घाई नाई. मी हाय इथंच."