मला फुगा, त्याला गाल

वस्तादांच्या दुकानात मी आणि आणखी एक पोरगा एकाच वर्षी दाढी करायला शिकलो. मला त्यांनी सहा महिने साबण लावलेल्या फुग्यावर वस्तरा फिरवायला लावला. त्या पोराचा हात हलका म्हणून सगळे त्याला हलक्याच म्हणायचे. त्याला तिसऱ्याच आठवड्यात वस्तादांनी स्वतःचा गाल दिला. तेव्हा माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते अजून थांबलेलं नाही.

आता वस्ताद अंथरुणाला खिळलेत. हलक्याचं दूरच्या शहरात मोठं सलून आहे. गेली चार वर्षं एक दिवसाआड वस्तादांची दाढी मीच करतो. फुगे फोडून शिकलेला हात असला, तरी त्यांना कधी साधा ओरखडा उठलेला नाही.

सोमवारी मी साबण फेसत होतो, तर ते म्हणाले, "आज राहू दे. गुरुवारी तो येतोय. त्याच्या वस्तऱ्याला काहीतरी लागायला हवं ना."

"बरं," म्हणालो आणि फेस मोरीत ओतला.

गुरुवारी मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेलो आणि टॉवेल धरून उभा राहिलो. वस्तादांनी डोळे मिटून गाल पुढे केला. माझ्यासमोर ते कधीच डोळे मिटत नाहीत. "सराव सुटलाय हो," म्हणत हलक्याने वस्तरा उचलला. मी मनातल्या मनात रक्ताचा एकच थेंब मागत होतो.

लेकाच्याचा हात अजून तसाच हलका.

रक्त थांबवायला नेलेली तुरटी खिशातून कोरडीच घरी आली.