दोन पाट्यांमधला पत्रा

अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या आमच्या लॅबमध्ये काम एकच: पातळ पत्र्यात बारीक चीर पाडायची, पत्रा ताणायचा आणि चीर पुढे सरकायला तो किती विरोध करतो ते मोजायचं. पंधरा वर्षं हेच केलं की किस्से लॅबकोटाच्या खिशातल्या सुट्या नटांसारखे साठत जातात. कोट धुवायला टाकताना सापडतात.

*

पातळ पत्रा ताणला की बाजूला वाकतो. म्हणून दोन्हीकडून ग्रीस लावलेल्या जाड पाट्या बसवायच्या. पहिल्याच दिवशी मी त्या विसरले आणि पत्रा लाटेसारखा वळला. नेने काका आमचे सत्तरीतले सीनियर, रिटायर होऊनही आठवड्यातून तीनदा येतात. म्हणाले, "पापडच भाजायचा होता तर घरी भाजायचास!"

*

केटी आमची टेक्निशियन. मायक्रोस्कोपमधून बघून ती रीडिंग सांगते, मी वहीत लिहिते. एकदा वीस मिनिटं लोड वाढवला तरी चीर हलेना. आम्ही खूश. तेवढ्यात एसी सुरू झाला आणि चीर उडून गेली! केस होता. काकांनी आपल्या टकलावरून हात फिरवला आणि म्हणाले, "माझ्यावर संशय नको."

*

एका नव्या मिश्रधातूनं तर कमालच केली. चीर दिसावी म्हणून पाटीला ठेवलेल्या खिडकीच्याही पलीकडे ती गेली, तरी पत्रा लोड घेतच होता. डोनट मागवले गेले. माधवला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते पटेना. तोही याच लॅबमधला. त्यानं पाट्या उघडल्या. पत्र्याचे केव्हाच दोन तुकडे झाले होते! नट इतके आवळले होते, की नुसत्या पाट्याच त्यांना धरून होत्या. डोनट तसेच राहिले.

*

फेब्रुवारीत माधव फावडं घेऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला उतरला, तिथेच कोसळला आणि गेला. पंधराव्या दिवशी मी कामावर हजर. केटी रोज राइड द्यायची, नेने काकू डबा पाठवायच्या, मुलगी फोनवर म्हणायची, "आई, यू आर सो स्ट्राँग." महिनाभर वहीतलं माझं एकही रीडिंग चुकलं नाही. लॅबमध्ये सगळे थक्क. मीसुद्धा.

*

एका सकाळी मी पाट्यांचे नट आवळत होते. काकांनी केटीला कॉफी आणायला पाठवलं, माझ्या हातातला पाना घेतला आणि चारही नट थोडे सैल केले. वर न बघताच विचारलं, "फावडं अजून बाहेरच आहे का गं?"

त्या दिवशीच्या वहीत माझ्या अक्षरातलं एकही रीडिंग नाही.