सुमतीकाकूंना कोण भरवणार?

"सिस्टर, मला रिपोर्ट वाईटच हवाय," मेधा फोनवर म्हणाली. "आईला तिथून काढायचंय. माझा भाऊ माझं ऐकत नाही. तुम्ही लिहून दिलंत तर ऐकेल."

"मी आधी बघते, मग लिहिते," मी म्हटलं.

वॉर्ड सिस्टर म्हणून मी रिटायर झाले. आता मीरा रोडच्या एका छोट्या एजन्सीचं काम करते. आई-वडिलांना केअर होममध्ये ठेवलेलं असतं, पण तिथे त्यांना नीट सांभाळतात का, हे मुलांना कळत नाही. मग एजन्सी मला पाठवते. होमची परवानगी आधीच घेतलेली असते, फक्त कुठल्या दिवशी येणार ते आम्ही सांगत नाही.

मेधाच्या आई, सुमतीकाकू, मूळच्या रत्नागिरीच्या. परळला असताना शिवणाचे क्लास घ्यायच्या. नंतर मेधाबरोबर मीरा रोडला आल्या. बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. मेधा इन्शुरन्स कंपनीत, दिवसभर बाहेर. म्हणून काकूंना उत्तनच्या रस्त्यावरच्या एका केअर होममध्ये ठेवलं.

मी गेले. बैठं घर, पुढे नारळाची झाडं. आत शिरल्या शिरल्या मी आधी वास घेते. फिनाईलचा भपकारा आला तर काहीतरी झाकलंय असं समजायचं. इथे स्वयंपाकाचा वास होता. मग नखं बघते, चष्म्याच्या काचा बघते, पाण्याचा ग्लास हाताला येईल असा ठेवलाय का ते बघते. शेवटी टाचा आणि माकडहाड. सतत पडून राहिलेल्या माणसाला तिथे जखमा होतात, त्याला बेडसोअर म्हणतात. काकूंची कातडी लहान बाळासारखी होती. केसांना तेल, वेणी घट्ट, पातळ इस्त्रीचं.

हे सगळं फिलू करायची. फिलोमिना, उत्तनच्याच कोळीवाड्यातली, पन्नाशीची अटेंडंट. दुपारी ती काकूंना जेवायला घालत होती. बोंबलाचं कालवण आणि भात. बोंबलाचा काटा ती बोटांनी चाचपून काढायची, भात मऊ कालवायची, आणि तिचा हात वर यायच्या आत काकूंचं तोंड उघडायचं. काकू तिच्याकडे अशा बघत होत्या की मलाच कसंतरी झालं. इतकी वर्षं नर्सिंग केलं, माझ्याकडे असं कोणी बघितलं नाही.

तेवढ्यात मेधा आली. हाफ डे टाकून, घरून डबा घेऊन. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. तिने घास पुढे केला. काकूंनी तोंड फिरवलं.

"बाय भरवेल," त्या म्हणाल्या.

फिलूने मेधाच्या हातातून डबा घेतला. "द्या ताई, माझ्या हातनं खाईल ती." आणि काकूंनी खाल्लं. तोच डबा, त्याच आंबोळ्या.

मेधा बाहेर पायरीवर येऊन बसली. "बघितलंत? लहानपणी ती मला बाय म्हणायची, सिस्टर. मला! आता त्या बाईला म्हणते. मी आणलेली साडी नको, फिलूने काढून दिलेली हवी. मी फोन केला की दोन शब्द, आणि मागून हसण्याचे आवाज. ही बाई माझी आई पळवतेय."

"हे मी रिपोर्टमध्ये काय म्हणून लिहू?"

"लिहा की आई बदललीय. इथे आली तेव्हा स्वतःच्या हाताने जेवायची, वेणी स्वतः घालायची. आता माझ्यासमोर हातसुद्धा हलवत नाही. मुद्दाम करते."

मी घरी आले. रिपोर्टमध्ये सगळं उत्तम असं लिहायला घेतलं. केस सरळ होती. मुलगी जळतेय. एजन्सीच्या मॅनेजरचाही फोन आला, "सिस्टर, पाठवा ना, क्लायंट थांबलीय." पण मेधाचं शेवटचं बोलणं मला टोचत राहिलं.

आमच्याकडे एक शब्द आहे, एडीएल. म्हणजे माणसाची रोजची स्वतःची कामं. खाणं, आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, उठबस. यातलं काय काय स्वतःचं स्वतः जमतं, त्यावरून म्हाताऱ्या माणसाची तब्येत कळते. खुब्याच्या ऑपरेशनने चालणं बिघडेल. हात कशाने बिघडले? पक्षाघात झाला नव्हता. मी होमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "वय झालं, सिस्टर."

मी रविवारी पुन्हा गेले. रविवारी फिलूची सुट्टी असते. ती चर्चला जाते, मग घरी.

काकू ताटासमोर बसल्या होत्या, हात मांडीवर. वरण-भात गार होऊन त्यावर पापुद्रा धरलेला. दुसरी अटेंडंट म्हणाली, "संडे को ये ऐसाइच करती है. फिलू के बिना खाती नहीं. शाम को थोडा दूध पीती है, बस."

मी घास पुढे केला. तोंड बंद. चमचा हातात दिला, तर त्यांनी तो तसाच ताटात सोडून दिला.

स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीसाठी मोड आलेले वाल भिजत घातलेले होते. मी एक वाडगाभर घेतले, काकूंच्या शेजारी बसले आणि सोलायला लागले. मला ते कधीच नीट जमलं नाही. काकू बराच वेळ बघत राहिल्या.

"मोडतेस तू सगळ्या डाळिंब्या," त्या वैतागून म्हणाल्या. "चिमटीत धर. हलकं दाब. आण इकडे."

आणि सोलायला लागल्या. साल एका बाजूला, डाळिंबी दुसऱ्या बाजूला, एकही न मोडता. मी नुसती बघत बसले. हात शाबूत होते. ते फक्त कोणी वापरू देत नव्हतं.

सोमवारी मी होमच्या मालकीणबाईंना सांगितलं, की फिलू सगळं हातात देते म्हणून काकूंचे हात बंद पडलेत. त्या भडकल्या. "जास्त काळजी घेतली ही काय तक्रार झाली?"

"झाली. उद्या फिलू आजारी पडली, काम सोडून गेली, तर काकू उपाशी राहतील. आत्ताच आठवड्यातला एक दिवस राहतायत."

फिलू दारात उभी होती. तिने पदर खोचला. "ती माझ्याबिगर जेवत न्हाय, यात माझी काय चूक हाय? दुसऱ्या बायका घाई करतात. भाताचा गोळा कोंबतात. मी तिला दुसरीच्या हाती देनार न्हाय."

ते बोलताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी पायरीवर बसलेल्या मेधाच्या चेहऱ्यावर बघितलं होतं. जरासुद्धा फरक नव्हता.

मेधाला फोन केला. ती आनंदाने ओरडलीच. "म्हणजे मी बरोबर होते! मग त्या फिलूला कामावरून काढायला सांगा."

"काढायचं नाही. काकूंनी स्वतः जेवायचं. फिलूने समोर बसायचं, पण हात लावायचा नाही."

"मी रजा टाकते. मी येऊन भरवते."

"तुम्हीपण भरवायचं नाही."

 ती म्हणाली, "तुम्ही तिची बाजू घेताय." आणि फोन ठेवला.

मालकीणबाई कुरकुरत तयार झाल्या, पण पहिला दिवस वाईट गेला. जाड दांड्याचा चमचा आणला होता, धरायला सोपा. काकूंनी तो खाली टाकला. "बाय, भरव गं," म्हणून रडल्या. फिलू समोर स्वतःचं ताट घेऊन बसली होती. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले होते. शेवटी उठून पुढच्या अंगणात गेली आणि नारळाला टेकून रडली. मी आत थांबले. भूक लागल्यावर काकूंनी मला एक शिवी दिली आणि चमचा उचलला. अर्धं पातळावर सांडलं, अर्धं पोटात गेलं.

पुढच्या भेटींत सांडणं कमी होत गेलं. मग त्यांनी चमचा बाजूला सारून हातानेच खायला सुरुवात केली. एकदा मेधा आली तेव्हा काकू भाकरीचा तुकडा मोडत होत्या. मेधाने डबा उघडून पुढे ठेवला. काकूंनी त्यातलं खाल्लं आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." मेधा डोळे पुसत हसली. फिलूला ते बघवलं नाही. ती पाणी आणायला म्हणून उठली, आणि पाणी समोरच होतं.

काकू अजून त्याच होममध्ये आहेत. मेधाने त्यांना हलवलं नाही. मालकीणबाई मला चहा विचारत नाहीत. मेधा आणि फिलूचं अजून पटत नाही, पण एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालंय. सिस्टर फार कडक बाई आहे, असं दोघी मॅनेजरला सांगतात.

माझा रिपोर्ट मी बदलून पाठवला. मेधाच्या तक्रारीत मत्सर होता हे खरं, पण तक्रारही खरी होती. मत्सरामुळे तक्रार खोटी ठरत नाही. तेव्हापासून कुठल्याही होमची पाहणी करायची असली की मी आधी चौकशी करते, तिथली सगळ्यात चांगली बाई सुट्टीवर कधी असते. आणि त्या दिवशी जाते.