महिने उलटे म्हणून दाखव

थॉर्नरॉइडचा रग्बी लीग क्लब पक्का प्रोफेशनल झाला पाहिजे, याबद्दल गावात दुमत नव्हतं. कशाने होतो, यावर मात्र प्रत्येक पबमध्ये वेगळा पंथ होता. प्रशिक्षक डेझ व्हिटवॅमच्या मते खाण्यावर ताबा हवा. त्याने पोरांच्या चिप्स आणि ग्रेव्ही बंद केली. अध्यक्षांच्या मते मैदानावर नवे दिवे हवेत. ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर तर 'प्रोफेशनल' हा शब्द हातभर अक्षरांत रंगवलेला होता. बर्निस हेप्टनला कुणी विचारलं नाही. ती क्लबची फिजिओ, पोरांचे गुडघे, खांदे आणि रडगाणी सांभाळणारी. विचारलं असतं, तर तिने आपल्या नवऱ्याकडे, विल्फकडे बोट दाखवलं असतं.

विल्फ याच क्लबचा जुना फॉरवर्ड. त्याच्या काळी डोक्याला मार बसला की मानेवर ओला स्पंज पिळायचे, बोटं किती ते विचारायचे आणि उत्तर काहीही येवो, परत मैदानात ढकलायचे. आता तो बर्निसबरोबर मैदानावर येतो, गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, "स्कोअर काय झाला?" समोर नुसतं गवत कापायचं यंत्र फिरत असलं तरी विचारतो. लोक हसून पुढे सटकतात. कप्तान कोरी सग्डन तेवढा थांबून सांगतो, "आपण पुढे आहोत, विल्फ." म्हणून बर्निसचा कोरीवर जीव होता, आणि म्हणूनच जानेवारीत ती त्याच्यावर एवढी उखडली.

हंगामाआधी प्रत्येक खेळाडूचं डोकं तपासून ठेवतात. ऐकलेले शब्द आठवायचे, महिने उलटे म्हणायचे, एका पायावर उभं राहायचं. पुढे सामन्यात मार बसला की तेच पुन्हा करून घ्यायचं आणि ताडून पाहायचं. पण पोरं कसली बिलंदर! आधीच मुद्दाम ढ व्हायचं, म्हणजे मार खाल्ल्यावरही पास.

"डिसेंबर... ऑक्टोबर... मे," कोरी डोकं खाजवत म्हणाला.

"आणि मघाचे शब्द?"

"कसले शब्द?"

"गेल्या आठवड्यात पबमधल्या क्विझमध्ये क्लबच्या सगळ्या कप्तानांची नावं ओळीने कोण म्हणत होतं रे? तुझं भूत?"

"अगं बर्निस, सगळेच करतात हे! माझं बहुतेक शेवटचं वर्ष. यंदा वरच्या डिव्हिजनमध्ये जायचंय, आणि ऐन वेळी तू मला बाहेर बसवशील."

"बसवीन! आता घरी जा आणि उद्या अक्कल घेऊन ये. नाहीतर यापुढे तुझ्या घोट्याला पट्टी तुझी आईच बांधेल."

सगळा संघ फिदीफिदी हसला. दुसऱ्या दिवशी कोरीने तोंड फुगवून सगळे महिने घडाघडा म्हटले.

वरच्या डिव्हिजनचा फैसला करणारा सामना शरद ऋतूत आला. थॉर्नरॉइड चार गुणांनी मागे असताना कोरी एका धिप्पाड गड्याला अडवायला गेला आणि त्याच्या ढोपरावर डोकं आपटून पडला. उठला तेव्हा दुसऱ्याच संघाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याला दंडाला धरून तिने आतल्या खोलीत आणलं.

"महिने उलटे म्हण, पोरा."

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर..." तो अडला. "ऑक्टोबर... नोव्हेंबर." या वेळी तो सोंग करत नव्हता.

डेझ दार ढकलून आत आला. "झालं का? मला तो हवाय, आत्ता."

"नाही. त्याचा सामना संपला."

"बर्निस, वर्षभराची मेहनत आहे गं! बघ की, ठणठणीत दिसतोय!"

"ठणठणीतच आहे मी," कोरी उठत म्हणाला. "स्कोअर काय झाला?"

"चारने मागे आहोत," डेझ म्हणाला.

"बरं." त्याने बुटाची नाडी बांधली, वर पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, "स्कोअर काय झाला?"

डेझचा चेहरा पडला. हा प्रश्न, याच सुरात, तो या मैदानावर वर्षानुवर्षं ऐकत आला होता. त्याने कोरीच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि तो बाहेर गेला.

थॉर्नरॉइड दोन गुणांनी हरला. गावाला राग आला. खाटकाने बर्निसला मटण बांधून दिलं, पण तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वार्ताहरांनी डेझला घेरलं तेव्हा तो म्हणाला, "बर्निस नाही म्हणाली, म्हणजे नाही. याच्यापुढे मला काही म्हणायचं नाही." ते वाचून बर्निस स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडली. भिंतीवरच्या शब्दाला पहिल्यांदाच काही अर्थ आला, असं तिला वाटलं.

कोरीला सावरायला बरेच आठवडे गेले, पण तो सावरला, आणि आणखी एका वर्षासाठी त्याने सही केली. जानेवारीत तपासणीच्या रांगेत नव्याने आलेला एक आडदांड गडी त्याच्या कानाला लागला, "इथे जरा ढच व्हायचं ना, कप्तान?"

"खरं खरं सांगायचं," कोरी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "एकाने जरी सोंग केलं, तरी अख्ख्या संघाच्या चिप्स बंद."

"त्या तशाही बंदच आहेत!" मागून कुणीतरी ओरडलं.

दाराशी ब्लँकेट घेऊन बसलेल्या विल्फने कोरीची बाही धरली. "स्कोअर काय झाला?"

कोरी त्याच्या शेजारी टेकला. "आपण पुढे आहोत, विल्फ."

बर्निसने ते आतून ऐकलं. खरं सांगायला उभ्या राहिलेल्या पोरांची ती रांग पाहता, आज तो नुसती विल्फची समजूत घालत नव्हता. तिने पुढच्या खेळाडूला हाक मारली.