वीस कलांची उडी

आमचे विष्णूकाका म्हणजे सुईचा माणूस. शिवणाच्या नव्हे, चुंबकाच्या. ग्वाल्हेर संस्थानाच्या मोजणी खात्यात ते होकायंत्रं दुरुस्त करायचे. अठ्ठेचाळीस साली संस्थान जाऊन मध्यभारत झाला, तेव्हा एका साहेबानं त्यांच्या डोक्यात भरवलं, की सुई खऱ्या उत्तरेपासून जरा बाजूला उभी राहते, ते अंतर वर्षागणिक बदलतं, आणि उज्जैनला ते कुणी धड मोजलेलंच नाही. म्हणून जुन्या नकाशांवरून शेताची शीव शोधायला गेलं की भांडणं होतात. काकांना तेवढं पुरलं. उज्जैनबाहेर नानाखेड्याच्या शेतांत खात्यानं त्यांना एक खोली बांधून दिली, सगळी दगडालाकडाची, खिळेसुद्धा पितळेचे. तिथं ते रोज सकाळी आठला आणि दुपारी दोनला सुई वाचू लागले.

लोखंड तिथं वर्ज्य. जानव्याची किल्ली बाहेर खुंटीला, चष्म्याच्या काड्या पितळेच्या, पायांत खडावा, सायकल दोन शेतं अलीकडे. सुईची दोन्ही टोकं वाचायची, सुई उलटी करून पुन्हा वाचायची, मग सरासरी. मी एकदा म्हटलं, "काका, एवढं तर सोवळ्यातही कुणी पाळत नाही!"

"अगं सुलू, सोवळं मोडलं तर देव माफ करतो. सुई नाही करत."

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझे वडील म्हणजे काकांचे थोरले भाऊ. ते मी लहान असतानाच गेले, आणि काका-काकूंचं घर तेच माझं घर झालं. माझं अक्षर चांगलं म्हणून दर रविवारी काकांच्या नोंदींची पक्की प्रत मी करायची. आकडे लिहिताना कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. पण काका शेजारी बसून प्रत्येक ओळीकडे असं बघायचे, की चूक करायची छाती होत नसे.

पंचावन्नच्या कार्तिकात एका सोमवारी सुई एकदम वीस कला सरकली. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. आपल्याला काय त्याचं? पण जी सुई वर्षभरात जेमतेम दोनतीन कला हलते, ती एका दिवसात वीस? काकांनी यंत्र खोललं. सुई ज्यावर फिरते तो खडा भिंगाखाली धरला, सुई बदलली, खोलीभोवतीची जमीन हातभर खणून पाहिली. काही निघेना. सुई नव्या जागी ठाम उभी, आणि काका मात्र झुरू लागले. जेवताना घास हातात धरून बसायचे.

पुढच्या वर्षी मध्यभारतही गेला, मध्यप्रदेश झाला. भोपाळच्या नव्या कचेरीतून पत्र आलं: आठ वर्षांच्या नोंदी छापण्याजोग्या आहेत, पण त्या उडीचं कारण महिन्याभरात कळवा, नाहीतर नोंदी धरता येणार नाहीत आणि केंद्रही चालणार नाही. काकांना मूलबाळ नव्हतं. त्या नोंदी छापून याव्यात, एवढीच त्यांनी आयुष्यात इच्छा धरली होती.

महिना संपत आला तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी पानावरून काकूला विचारलं, "अगं, मागच्या वर्षी कार्तिकात घरात काही नवीन आणलं होतं का? बटणं, बक्कल, काही?"

"नवीन नाही हो. काढलं मात्र एक," अंबिकाकाकू हसत म्हणाली. "आता सांगायला हरकत नाही. तुमची साडेसाती लागली ना, तेव्हा देवास गेटच्या नालबंदाकडून काळ्या घोड्याच्या नालेचा खिळा आणवला होता मी. अंगठी काय तुम्ही घातली नसती, तुमचं ते लोखंडाचं चक्कर! मग टोपीच्या अस्तरात शिवून टाकला. मोठे भाऊजी साडेसातीतच गेले. मी किती परेशान होते, तुम्हाला काय मालूम? टोपी बदलली की खिळा नव्या टोपीत. बघा, साडेसात वर्षांत तुम्हाला साधा बुखार नाही आला! साडेसाती उतरली तशी त्रिवेणी घाटावर शनिमहाराजांना तेल चढवलं, अन् खिळा क्षिप्रेत सोडून दिला."

सुई वाचायला काका वाकत, तेव्हा त्यांचं कपाळ तिच्यापासून वीतभर अंतरावर असायचं. टोपीसकट.

काकांनी एवढंच विचारलं, "टोप्या किती झाल्या?"

"तीन. जुन्या भांडेवालीला दिल्या."

तीन टोप्या, म्हणजे खिळ्याच्या तीन जागा. नोंदींत मध्येच दोन छोट्या उड्या होत्या आणि त्यांवर काकांनी मोठ्या अभिमानानं टीप लिहिली होती, की हा माळव्याच्या भूमीचाच गुण असावा. खिळा हाती असता, तर तो पुन्हा शिवून त्याची ओढ मोजता आली असती आणि तेवढी वजा करता आली असती. खिळा नदीत. सगळी वर्षं फुकट गेली होती, आणि ज्या बाईनं ती घालवली तिच्या चेहऱ्यावर नवरा वाचवल्याचा आनंद होता. मला तिचा राग येईना, आणि न येणंही सोसवेना.

दुसऱ्या दिवशी काकांनी उत्तर सांगितलं: फरक निरीक्षकाच्या निष्काळजीपणामुळे पडला.

मी टाक आपटला. "हे मी लिहिणार नाही. तुम्ही आणि निष्काळजी? खरं कारण कळवा ना!"

"सरकारी फाइलीत तिचं नाव जाणार नाही, सुलू. चार बाबू चहा पिताना हसतील तिला. लिही."

लिहिलं. नेहमीच्याच अक्षरात लिहिलं, आणि मग न्हाणीघरात जाऊन खूप रडले.

भोपाळचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. नोंदी रद्द, केंद्र बंद, निरीक्षकाला जावक टेबलावर बसवावं. काकांनी कागद घडी करून खिशात घातला.

"काय आलं हो भोपाळहून?" काकूनं आतून विचारलं.

"बदली. आता ती खोली बंद. दुपारी घरी जेवायला येत जाईन."

आठ वर्षं ते दुपारी घरी जेवले नव्हते. काकू पदराला हात पुसत बाहेर आली, देवापुढे साखर ठेवली आणि त्यातली चिमूटभर त्यांच्या तळहातावर दिली. काकांनी ती तोंडात टाकली आणि म्हणाले, "उद्या वांग्याची भाजी कर."