कातळातली खडीसाखर

दिलदारभाई हल्ली कागलच्या रस्त्याला खडी फोडत बसतात. हातोडा डाव्या हातात, दगड पायाच्या अंगठ्यानं दाबलेला. उजवा हात मनगटापासून नाही. तो कसा गेला हे वाडीत जो तो आपल्या परीनं सांगतो. मी रोज देवपूजा आटोपली की वहीत चार ओळी लिहिते. त्या उन्हाळ्याच्या ओळी वहीत आहेत, म्हणून जसं झालं तसं इथं मांडते.

दिलदारभाई विहिरींना सुरुंग लावायचे. त्यांचे वडीलही तेच करत. कातळात पहारीनं भोक पाडायचं, दारू ठासायची, वात पेटवायची आणि दोरावरून वर यायचं. कागलच्या आसपास त्यांच्या हातच्या एकवीस विहिरी, त्यातली एकही कोरडी नाही, असं लोकच सांगत. स्वतः ते कधी बोलले नाहीत. मधली चार वर्षं ते राधानगरीला महाराजांच्या धरणावर दगड फोडायला होते. तिथल्या एका ओव्हरसियरनं त्यांना जमिनीच्या पोटातलं बरंच काही समजावून सांगितलं होतं.

शके १८४० चा पाऊस आला तसा गेला. पुढच्या चैत्रात वाडीच्या जुन्या विहिरीत नुसता गाळ राहिला आणि बायका कोसभर चालून दूधगंगेचं पाणी आणू लागल्या. जोतीराम पाटलांनी दिलदारभाईंना बोलावून नवी विहीर धरली, ती आमच्या परड्यामागेच. दुपारचं गूळपाणी आमच्या घरून जायचं. ते न्यायला त्यांची बायको खैरुनबी यायची, कधी ते स्वतः येत आणि पायरीवर बसून मला थर सांगत. वरची काळी माती, मग मुरूम, मग काळा कातळ. मी वहीत लिहून घ्यायची याचं त्यांना मोठं नवल.

एकदा म्हणाले, "वैनी, ही जमीन एका दमात झाल्याली न्हाय. गुऱ्हाळात काहिली वततात की न्हाय, तसा पेटल्याला दगूड भुईच्या भेगांतनं वर आला, पसरला, थिजला. लई काळ गेला. त्याच्यावर माती झाली. मग दुसरी काहील आली."

"मग खालच्या मातीचं काय झालं?" मी विचारलं.

"भाजली की. तांबडी झाली, इटंगत. तीच हुडकतोय मी. शेजारच्या शिवारात दोन हिरी पाडल्या, दोन्हींत चाळीस हातांवर तांबडा पट्टा लागला. त्याच्याखालचा दगूड भोकाभोकाचा असतोय. पाणी तिथं बसल्यालं असतंय."

चौतिसाव्या हाताला सुरुंगानं कातळात एक पोकळी उघडी पडली. दिलदारभाईंनी तिच्यातला एक तुकडा मुंडाशात बांधून मला दाखवायला आणला. बाहेरून काळा दगड, आत शुभ्र सुयांचा झुबका, मोगऱ्याच्या गजऱ्यासारखा दाट. उन्हात धरला तर डोळे दिपले. ते सांगत होते की पेटल्या दगडात बुडबुडा राहतो, मग हजारो वर्षं पाणी झिरपतं आणि दोऱ्यावर खडीसाखर धरते तसे हे खडे धरतात. अशा पोकळ्या त्यांनी पुष्कळ पाहिल्या आहेत. मी ऐकत होते आणि ऐकतही नव्हते. माझे हात आपोआप जोडले गेले. ते गेल्यावर मी तो दगड धुतला, देव्हाऱ्यात ठेवला, हळदकुंकू वाहिलं. शेजारची शालूबाई विस्तव मागायला आली होती. तिला म्हटलं, विहिरीत देवी प्रकटली आहे बघ.

एवढंच बोलले मी. संध्याकाळपर्यंत विहिरीच्या काठावर नारळांचा ढीग झाला.

पाटलांनी काम थांबवलं. गुरवानं कौल लावला. गावदेवीच्या पाषाणाला दोन कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. डावी पडली. त्या कौलावर मी आजही शंका घेत नाही. देवीवर सुरुंग लावू का, असं विचारलं, देवी नाही म्हणाली. ती दुसरं काय म्हणणार? पण तसा प्रश्न विचारायची वेळ माझ्यामुळं आली होती.

आणखी सहा हात खाली पाणी आहे, हे दिलदारभाईंनी चावडीवर सांगून पाहिलं. कुणीतरी म्हणालं, ह्याला आमच्या देवीचं काय पडलंय. ते चावडीवरून उठून गेले. काम थांबून आठवडा झाला. आकाराम सुताराची गरोदर सून नदीवरून येताना घागरीसकट पडली. ती वाचली. दिलदारभाई आमच्या पायरीशी आले, बसले नाहीत.

"वैनी, तुमी सांगा. तुमचं ऐकत्यात. माझ्या नावाला बट्टा लागला तरी ऱ्हाऊ द्या, बायका पाण्यासाठनं मराय लागल्यात."

दुसऱ्या दिवशी मी यांना सोबत घेऊन पाटलांच्या दारी गेले. कधी पुरुषमाणसांपुढं बोलले नव्हते. तो दगड दिलदारभाईंनी मला नुसता बघायला दिला होता, पहिलं कुंकू माझं, आवई माझी, हे सगळं सांगितलं.

पाटलांनी तंबाखू मळली. मग म्हणाले, "आता सगळं गाव पाया पडून गेलंय, वैनी. तुमी पुसलं म्हणून कुंकू जातंय व्हय?"

तरी शेवटी त्यांनी एक वाट काढली. पोकळीला धक्का लावायचा नाही, दारू वापरायची नाही, तिच्याखालून छिन्नी-हातोड्यानं जायचं असेल तर जा. मला ते ऐकून हायसं वाटलं. देवीही राहील, पाणीही येईल. त्यातली मेख दिलदारभाईंना तेव्हाच कळली होती. पोकळीभोवतीचा दगड ठिसूळ असतो. सुरुंग लावला असता तर तो सगळा आधी खाली आला असता, विहिरीत माणूस नसताना. आता त्याच्याखाली बसून काम करायचं होतं. खैरुनबी माझ्यासमोरच त्यांना म्हणाली, "देवी त्यांची आन् जीव तुमचा, व्हय?" ते दोर तपासत होते. म्हणाले, "बगू की."

एकोणीस दिवस ते एकटे खाली होते. परड्यातून छिन्नीचा आवाज यायचा, तो थांबला की माझ्या हातातलं काम थांबायचं. एकोणिसाव्या दिवशी सकाळी वर आलेल्या पाटीत तांबडी माती होती, खरंच विटेच्या चुऱ्यासारखी. मी ती चिमूटभर हातात घेतली. दुपारी आवाज थांबला तो पुन्हा सुरू झालाच नाही. लोकांनी त्यांना दोरानं वर काढलं तेव्हा त्यांची पावलं ओली होती आणि उजवा हात धोतरात गुंडाळलेला होता. पोकळीखालची शिळा निसटली होती. कोल्हापूरच्या दवाखान्यात हात काढावा लागला.

तिसऱ्या दिवशी पाणी पोकळीपर्यंत चढलं, चौथ्या दिवशी ती बुडाली. बायकांनी काठावरून ओटी भरली. मीही भरली. विहिरीला आता देवीची विहीर म्हणतात.

तो दगड अजून माझ्या देव्हाऱ्यात आहे. रोज त्याला पाणी घालते, कुंकू लावत नाही. का लावत नाही, हे सासूबाईंनी दोनदा विचारलं.

बाजाराला जाताना दिलदारभाई रस्त्याला दिसतात. मी दरवेळी ठरवते की आज माफी मागायची. मी जवळ पोचायच्या आत ते हातोडा खाली ठेवतात आणि तेवढंच विचारतात, "वैनी, पाणी किती हात हाय?"

मी सांगते. परवा सांगितलं, चौदा हात. त्यांनी मान हलवली आणि पायाखाली दुसरा दगड घेतला.