पुन्हा भरतीस अपात्र

मी हवालदाराला मारलं. हे आधीच सांगतो, म्हणजे मी निर्दोष असल्याचा आव आणतोय असं कुणाला वाटायला नको. गाड्यांच्या शेडमध्ये, सगळ्या ड्रायव्हरांसमोर मारलं. तो खाली पडला तरी थांबलो नाही. अठ्ठावीस दिवस कोठडी झाली आणि मग फौजेनं मला काढून टाकलं. डिस्चार्ज बुकात इंग्रजीत तीन गोष्टी लिहिल्या : वरिष्ठावर हल्ला, वर्तणूक खराब, पुन्हा भरतीस अपात्र.

का मारलं, ते कुणी लिहिलं नाही. माझ्या शेजारच्या खाटेवर सोलापूरकडचा एक ड्रायव्हर होता, माझा जोडीदार. त्याच्या ट्रकचे ब्रेक लागत नव्हते. त्यानं गाडीच्या वहीत तसं दोनदा लिहिलं. दुसऱ्यांदा लिहिताना मी त्याच्या शेजारी उभा होतो. हवालदार म्हणाला, "बहाने मत बना, गाडी निकाल." ट्रक घाटात उलटला. जोडीदाराचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चौकशीच्या सकाळी वही उघडली तर ते पानच नव्हतं. शिवणीत फाटलेली कड तेवढी राहिली होती, आणि हवालदार शेडच्या दारात उभा राहून विडी ओढत होता.

पुढं चार-पाच वर्षांनी मी कतारला गेलो. पाण्याचा टँकर चालवायचो. दोह्यात भरायचा आणि दिवसाआड पार उत्तर टोकाला, अल रुवैसपर्यंत न्यायचा. ऐंशी सालाच्या आसपास एका कंपनीला प्लांटच्या राखणीसाठी माजी सैनिक हवे होते. बायकोला आणता येईल असा व्हिसा मिळणार होता. मी बुक घेऊन गेलो. टेबलामागं आपलाच, हिंदुस्थानी माणूस. त्यानं शेवटची ओळ वाचली आणि बुक बोटानं माझ्याकडं ढकललं.

"ये लिखा है तो खलास, भाई."

"क्यों लिखा है, पूछोगे नहीं?"

"मेरा काम पढ़ना है."

बाहेर आलो, टँकरचं दार इतक्या जोरात आपटलं की काच निखळली. त्या दिवशी ठरवलं, ही ओळ खोडायला लावायचीच.

दोह्यातच, अबू हमूरकडच्या एका वसाहतीत मी पाणी टाकायचो. तिथं पुण्याच्या इंजिनिअरचं घर होतं. त्यांच्या बायकोकडं टाइपरायटर होता. वहिनींनी माझं सगळं ऐकून घेतलं, कागद चढवला आणि पहिलं वाक्य टाइप करून मराठीत वाचून दाखवलं : 'तरुण वयात माझ्या हातून घडलेल्या चुकीबद्दल मला मनापासून खेद आहे.'

"हे काढा," मी म्हटलं.

"अहो, अर्ज असाच लिहितात. नमतं घेतल्याशिवाय कोण ऐकणार तुमचं?"

"मारलं असं लिहा. दहा वेळा लिहा. पण पान कुणी फाडलं, ते त्याच्या खाली लिहा."

"आणि पुरावा?"

पुरावा म्हणजे जोडीदार. त्याला सोलापुरात फौजेच्याच एका विश्रामगृहात बसून करायचं काम दिलं होतं. मी पत्र टाकलं. महिन्याभरानं उत्तर आलं : 'माझं नाव घेऊ नको. बसलोय तिथं बसू दे.'

मग मी त्याला जे पत्र लिहिलं, त्याची आजही लाज वाटते. पायाबरोबर कणाही कापून घेतलास का, असं लिहिलं. पेटीत टाकलं आणि दोन दिवसांनी परत काढता येईल का म्हणून पोस्टात विचारून आलो. तिथला माणूस हसला.

त्याचं उत्तर आलंच नाही. आला तो जाड लिफाफा. आत वकिलासमोर सही केलेला त्याचा जबाब. ब्रेक, वही, दोन्ही तारखा, सगळं होतं. सोबत माझ्यासाठी एक ओळसुद्धा नव्हती. वहिनींनी अर्ज पुन्हा टाइप केला, खेदाचं वाक्य न घालता.

दोन वर्षं काही नाही. मग फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं. वहिनींनी वाचलं. वर्तणूक 'खराब'ऐवजी 'मध्यम' करण्यात येत आहे. भरतीबाबतचा शेरा कायम.

"काहीतरी झालं ना," त्या म्हणाल्या.

"काय झालं? वहीबद्दल एक अक्षर आहे का?"

त्यांनी पत्र उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. मी त्यांच्यावर ओरडलो, म्हणजे त्यांच्या दिवाणखान्यात उभा राहून फौजेवर ओरडलो, आणि त्यांची मुलगी आतल्या खोलीतून इंग्रजीत काहीतरी विचारत बाहेर आली तेव्हा भानावर आलो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "बसा. पाणी आणते."

त्या वर्षी सुट्टीत आधी सोलापूरला गेलो. जोडीदार विश्रामगृहात नव्हता. जबाबाची चौकशी झाली आणि नंतर त्याला कामावरून कमी केलं होतं. कारण लेखी दिलं नव्हतं. बसस्टँडजवळ तो सायकली दुरुस्त करत बसला होता, कुबडी भिंतीला टेकवून.

मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो.

"माझ्यामुळं झालं," मी म्हटलं.

त्यानं ट्यूब पाण्यात बुडवून धरली, बुडबुडे कुठून येतात ते बघत राहिला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, "तुझ्यासाठी दिला नव्हता जबाब. तुझं पत्र वाचून तुला चार शिव्या घातल्या मी. पण माझा पाय कसा गेला, ते एकदा कुठंतरी सरकारी कागदावर पाहिजे होतं. आता आहे."

"त्यांनी तो वाचला तरी असंल का?"

"फाडला नसंल एवढं खरं. चौकशीत जबाब दाखल झाल्याची शिक्क्याची पावती आहे माझ्याकडं."

तो हसला. मला हसता आलं नाही. कतारला परत गेल्यावर मी दुसरा अर्ज केला, आणि या खेपेला माझ्या भरतीचं नाव काढलं नाही. फक्त हवालदाराचं आणि वहीचं लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही. पुढं आणखी सहा वर्षं टँकर चालवला, बायको गावीच राहिली. अल रुवैसच्या त्या सरळ रस्त्यावर आडवं येणारं काहीच नसायचं, तरी मी दर थोड्या वेळानं उगाचच ब्रेक दाबून बघायचो आणि मोठ्यानं शिव्या द्यायचो. राग गेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.